ओळ की रकाना

हायडेलबर्गच्या दक्षिणेला वाल्डॉर्फ नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या सॅप कंपनीने डिसेंबर २०१३मध्ये ओपनयूआय५ ही वेब-ॲप्लिकेशन बांधायची सामग्री सर्वांना खुली केली. तिच्यातले दोन तक्ते मला विशेष वाटतात. पहिला मोबाइलवर उघडला की न मावणारे रकाने त्या-त्या ओळीच्याच पोटात खाली उतरवता येतात. ओळ तुटत नाही. दुसऱ्यात रकाने जागचे हलत नाहीत. नोंदी लाखभर असल्या तरी पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी तो बनवतो आणि स्क्रोल करताना त्यांच्यातच पुढचे आकडे भरतो. कोणता घ्यावा, यावर प्रोग्रॅमर मंडळी वेगाच्या अंगाने बोलतात. मला त्यात एक जुनं जर्मन भांडण ऐकू येतं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅनोव्हरच्या दरबारी असलेल्या लाइब्निझने ‘राज्यतक्त्यां’चा आराखडा लिहिला. दप्तरांच्या ढिगात न शिरता राज्याचा कारभार राजाला एका नजरेत दिसावा, ही त्याची इच्छा. पुढे ग्योटिंगेनच्या विद्यापीठात राज्यांचं वर्णन करणारं शास्त्र बहरलं. ते शब्दांत लिहिलं जाई. १८०६-०७च्या सुमारास तिथल्या विद्वानांनी आकड्यांचे तक्ते मांडणाऱ्यांवर हल्ला चढवला आणि त्यांना ‘टाबेलेनक्नेख्ट’, म्हणजे तक्त्यांचे गुलाम, म्हटलं. चौरस मैल, माणसं आणि गुरं मोजून देशाचा जीव कळत नाही, हा त्यांचा आक्षेप. तो मला आजही खरा वाटतो. रकान्याची बेरीज झाली की ओळीतला माणूस दिसेनासा होतो.

भांडणात तक्तेवाले जिंकले. पण ओळ परत आली, तीही खुद्द मोजणाऱ्यांच्याच कचेरीतून. प्रशियाच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख एर्न्स्ट एंगेल यांनी १८७१च्या जनगणनेत दर माणशी एक स्वतंत्र कार्ड, म्हणजे जणू सुटी ओळच, आणलं. याद्यांवरून रेघोट्या मारून मोजताना प्रश्न बदलला की सगळं पहिल्यापासून करावं लागे. आता कार्डांचे गठ्ठे वयानुसार लावा, मोडा, धंद्यानुसार लावा. रोजकिर्दीतली एकच नोंद हव्या त्या खात्यात खतवता यावी, तसं हे झालं. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोठी उडी हीच.

मात्र ओळ जपली म्हणजे माणूस जपला असं नाही. मे १९३९च्या जर्मन जनगणनेत जोडलेल्या पुरवणी कार्डावर आजी-आजोबा ज्यू होते का, हे विचारलं होतं.

पडद्यावरच्या तक्त्यांचाही पाया ओळच आहे: वेबपानाच्या भाषेतला तक्ता १९९०च्या दशकात ठरला, तेव्हा प्रत्येक चौकट ओळीच्या पोटात ठेवली गेली. रकाना ओळींवर ओळी रचल्याने आपोआप उभा राहतो. त्या पायावर काय बांधायचं, हे मी समोर बसणारा काय शोधतो यावरून ठरवतो. वॉर्डातल्या नर्सला एकच रुग्ण पूर्ण दिसायला हवा, तिथे पहिला तक्ता. गोदामाच्या हिशेबनिसाला हजारो वस्तूंचा शिल्लक साठा वरपासून खालपर्यंत ताडून पाहायचा असतो, तिथे दुसरा.