तमानेंडचे खरेदीखत

विल्यम पेन आणि लेनापे लोकांचा प्रमुख तमानेंड यांनी १६८२ मध्ये डेलावेअर नदीकाठी, शॅकामॅक्सन येथे एल्म वृक्षाखाली मैत्रीचा करार केला, अशी परंपरा सांगते. बेंजामिन वेस्टने सुमारे नव्वद वर्षांनी तो प्रसंग रंगवला आणि पुढे ते चित्रच पुरावा मानले जाऊ लागले. त्या कराराचा मूळ कागद उपलब्ध नाही.

तमानेंडची खूण असलेले २३ जून १६८३ चे खरेदीखत मात्र आहे. पेनीपॅक व नेशॅमिनी या दोन ओढ्यांमधली जमीन त्याने पेनला दिली. मोबदल्याच्या कलमापाशी मी थबकलो. शिंपल्यांचे मणी, बंदुका, जोडे, मोजे, आरसे, कांबळी अशी यादी आहे, पण किती? तर पेन खुशीने देईल तितके. लेनापेंच्या दृष्टीने जमीन देणे म्हणजे ती वापरण्यात दुसऱ्याला सामील करून घेणे, आणि भेटी म्हणजे ते नाते चालू असल्याची खूण. हे ध्यानात घेतले तर मोकळे सोडलेले ते कलम भाबडेपणाचे वाटत नाही. त्यामागे माणसावरचा विश्वास होता.

हा विश्वास वारसाहक्काने उतरला नाही. पेन १७१८ मध्ये वारला. १७३७ मध्ये त्याच्या मुलांनी एक जुना कागद पुढे केला : माणूस दीड दिवसात चालेल तितकी जमीन आमची. आधी वाट साफ करवून त्यांनी निवडक चालणारे सोडले आणि सुमारे १२ लाख एकर जमीन बळकावली. १७५६ मध्ये ईस्टनच्या सभेत लेनापे नेता टीडयुस्कंग याने जमिनीवर पाय आपटून सांगितले, की ही पायाखालची भूमी माझी होती आणि ती कपटाने घेतली गेली.

पुढच्याच काही दशकांत वसाहतवाल्यांनी तमानेंडला 'संत टॅमनी' केले. १ मे रोजी त्याचा उत्सव होऊ लागला, त्याच्या नावाने मंडळे निघाली. न्यूयॉर्कच्या मंडळाचे 'टॅमनी हॉल' तर पुढे राजकीय भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध झाले. तोवर बहुतेक लेनापे पश्चिमेकडे हाकलले गेले होते. आज त्यांचे अनेक वंशज ओक्लाहोमात आहेत.

जमीन देणाऱ्याचा उत्सव झाला; ती परत मागणाऱ्या टीडयुस्कंगच्या नावाने कोणी सण केला नाही. तमानेंडला शांतिदूत म्हणताना मला त्यामुळे आधी १६८३ चे ते मोकळे कलम आठवते. शांतता त्याने पाळली. हिशेब चुकता करणे पेनच्या वारसांकडे होते.