पेशीसंवर्धन माध्यम (गुणनियंत्रण)

जैवऔषधे बनवणाऱ्या पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात, त्याला पेशीसंवर्धन माध्यम म्हणतात. त्यात ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार आणि लेशमात्र धातू असतात. हॅरी ईगल यांचे १९५९ चे आणि रिचर्ड हॅम यांचे १९६५ चे (एफ-१२) माध्यम आजच्या अनेक कृतींच्या मुळाशी आहे. ‘मॅड काऊ’ रोगानंतर माध्यमातील वासराच्या सीरमचा वापर घटत गेला.

तयारी : इंजेक्शनसाठीच्या प्रतीचे पाणी घेतात; त्यात एंडोटॉक्सिनची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ एकक आहे. माध्यमाची भुकटी पाण्यात एकदम ओतली तर गुठळ्या होतात. टायरोसिन व सिस्टिन सहजी विरघळत नाहीत, म्हणून अनेक कृतींत कॉस्टिक सोडा घालून पीएच चढवतात आणि द्राव नितळ झाल्यावर आम्लाने उतरवतात. बायकार्बोनेट सहसा त्यानंतर घालतात. आम्लधर्मी द्रावात ते कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते.

तपासण्या : पीएच, वाहकता, गढूळपणा, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण). यांपैकी शेवटची सर्वांत बोलकी. थेंबभर नमुना गोठवून गोठणबिंदू किती उतरला ते मोजतात. ३०० मिलिऑस्मोलच्या माध्यमात तो सुमारे ०.५६ अंश सेल्सियसने उतरतो. लिटरमागे ग्रॅमभर मीठ कमी पडले तर आकडा सुमारे तीसने घसरतो आणि वजनातली चूक काही मिनिटांत उघडी पडते. लेशमात्र असलेल्या मँगनीजची चूक मात्र या मोजणीत दिसत नाही, आणि प्रतिपिंडावरील शर्कराशृंखलेत गॅलॅक्टोज किती बसेल हे त्याच धातूवर बरेच अवलंबून असते. त्यामुळे नव्या लॉटमध्ये प्रत्यक्ष पेशी वाढवून जुन्याशी तुलना करतात. त्याला दिवस लागतात.

गाळण : उष्णतेने ग्लुटामाइन व काही जीवनसत्त्वे नासतात, म्हणून माध्यम ऑटोक्लेव्ह न करता ०.२ मायक्रॉनच्या, मायकोप्लाझ्मासाठी ०.१ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. वापरानंतर गाळणी अभंग आहे का, हे पुन्हा तपासतात. विषाणू मात्र तिच्यातून सहज पार होतात. २००९ मध्ये बोस्टनच्या ऑलस्टन भागातील जेन्झाइमच्या कारखान्यात व्हेसिव्हायरस २११७ आढळला. पेशींची वाढ मंदावली होती, पण नेहमीच्या चाचण्यांत विषाणू सापडला नव्हता. उत्पादन थांबले, सेरेझाइम व फॅब्राझाइम या दुर्मिळ आजारांवरील औषधांची टंचाई झाली. विषाणू माध्यमाच्या कच्च्या मालातून आला असावा, असे मानले गेले. अशा धोक्यावर माध्यम सुमारे १०२ अंशांवर दहा सेकंद तापवून लगेच थंड करतात, किंवा विषाणू अडवणारी सूक्ष्म गाळणी लावतात. दोन्ही उपाय खर्चिक असले, तरी महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या कारखान्यापेक्षा स्वस्तच.

साठवण : २ ते ८ अंश, अंधारात. प्रकाशात रायबोफ्लेव्हिनमुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्यांतील अँटिऑक्सिडंटचा विघटित अंश द्रवात उतरून पेशींची वाढ रोखतो, असे २०१३ मध्ये दाखवले गेले.

भारत : मुंबईच्या हायमीडियासह काही कंपन्या अशी माध्यमे बनवतात, पेशीप्रकारांचे राष्ट्रीय भांडार पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात आहे.