‘नेतृत्व’ : एका प्रवेश-निकषाचा इतिहास

परदेशी विद्यापीठांतील निवडक प्रवेशांत गुणांबरोबरच अभ्यासेतर उपक्रम व नेतृत्व यांचाही विचार होतो. हा निकष वरवर उदार वाटतो. त्याचा इतिहास मात्र तितका निर्मळ नाही.

सेसिल ऱ्होड्स १९०२ साली निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्राने स्थापन झालेल्या ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीत विद्वत्तेच्या जोडीला मैदानी खेळांची आवड, चारित्र्य व नेतृत्व अपेक्षिले होते. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात हार्वर्डने प्रवेशासाठी ‘चारित्र्या’वर भर दिला, तो परीक्षेत सरस ठरणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरण्यासाठी, हे आता सर्वमान्य आहे.

तत्पूर्वी, १९१३ साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी दाखल झाले. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्यास स्पर्श करण्याची मुभा नव्हती, त्याच्याकडे क्रीडासंघाच्या नायकपदाचा दाखला कोणी मागावा?

हा प्रश्न आजही जिवंत आहे. भंडारा जिल्ह्यातील चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. तेथील विद्यार्थ्याने धाकट्या भावंडांना शिकविले, घरचा भार उचलला, तर अर्जातील ‘उपक्रम’ या रकान्यात तो काय लिहील? ‘नेतृत्व’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला आहे. कोणाला, कोठवर नेले, हाच त्याचा खरा मापदंड होय. शिफारसपत्रे लिहिणाऱ्या आपण अध्यापकांनी तरी हा मूळ अर्थ विसरू नये.