वृद्धाश्रम प्रवेश : कारणे

वार्धक्यात घर सोडून निवासी संस्थेत जाण्यामागे केवळ वय हे कारण क्वचितच असते. अर्धांगवायू, खुब्याचे मोडलेले हाड, स्मृतिभ्रंश किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांमुळे आंघोळ, कपडे, शौच यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो; तो घरात नसला की निर्णय होतो. पुष्कळदा सांभाळणारा जोडीदार आधी जातो किंवा स्वतःच थकतो.

घरात असा हात का उरत नाही, हे वडीगोद्रीसारख्या (ता. अंबड, जि. जालना) गावात दिसते. मराठवाड्याच्या या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे उरतात म्हातारी माणसे, नातवंडे, जनावरे. ज्या आजीला सांभाळायचे, तिलाच चूल पेटवून नातवाला शाळेत धाडावे लागते. निराधार वृद्धांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांत सेवेला माणूस ठेवता येत नाही.

राज्याने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तरीही अंथरुणाला खिळलेल्यांना अनेक वृद्धाश्रम प्रवेश नाकारतात. ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांच्यासाठीच सोय सर्वांत तोकडी आहे.