निवृत्तीचा दिवस आणि त्याआधीची वर्षे



महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या आयुष्यात ३१ मे या तारखेला एक वेगळेच महत्त्व आहे. पूर्वी खेड्यातला बाप मुलाचे नाव शाळेत घालायला येई, तेव्हा त्याला जन्मतारीख सांगता येत नसे. 'दुष्काळानंतर दोन वर्षांनी झाला', 'पेरणीच्या दिवसांत झाला' एवढेच तो सांगे. मास्तर पोराकडे एकदा नजर टाकीत, वयाचा अंदाज बांधीत आणि रजिस्टरात १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. त्या पोरांतली पुष्कळ पोरे पुढे स्वतः मास्तर झाली. पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून अठ्ठावन्न वर्षे भरली की हे सगळे शिक्षक एकाच दिवशी, ३१ मेला, सेवेतून मोकळे होतात. त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुटी असते. वर्गात मुलेही नसतात.

निरोपसमारंभ आधीच झालेला असतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, एक फोटो. खरी परीक्षा त्यानंतर येते. जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते, आणि जन्मभर त्या घंटेला उठलेल्या माणसाला आता कुठे जायचे नसते. या दिवसाची तयारी कशी करावी, हे आज मी इतिहासाच्या आधाराने सांगणार आहे. पैशाची तयारी हा वेगळा विषय आहे. मी बोलतो आहे ती मनाच्या तयारीविषयी.

पहिली गोष्ट अशी, की ठरल्या तारखेला काम सोडायचे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. वानप्रस्थाश्रम शास्त्रात सांगितला आहे खरा. पण मराठेशाहीकडे पाहिले तर काय दिसते? मल्हारराव होळकर १७६६ साली वारले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती; मृत्यू आला तो मोहिमेवर असताना. नाना फडणीस १८०० साली गेले, तेही कारभारात असतानाच. पाटीलकी, कुलकर्ण म्हणजे वतन. बापाकडून मुलाकडे जायचे. म्हातारा कुंभार चाकावरून उठला तरी भट्टीजवळ बसून राही. हात थकले तरी माणसाची जागा जात नसे, घरही तेच असे. पगाराची नोकरी आली, जन्मतारीख कागदावर आली, आणि मग एका ठरावीक दिवशी खुर्ची रिकामी करण्याची पद्धत आली. इंग्रजी अमदानीत सरकारी नोकराची मर्यादा पंचावन्न वर्षांची होती. मध्यवर्ती सरकारने १९६२ साली ती अठ्ठावन्न केली आणि १९९८ साली साठ. आकडा बदलत गेला, पण मनाने तयारी कशी करायची ते कोणत्याही हुकुमात लिहिलेले नसते.

कायदा करणाऱ्यालाही ती तयारी साधतेच असे नाही. जर्मनीचा पंतप्रधान बिस्मार्क याने १८८९ साली कामगारांसाठी म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आणला. कामगार, मालक आणि सरकार या तिघांनी भर घालायची आणि वयाच्या सत्तराव्या वर्षापासून पेन्शन द्यायची, अशी ती योजना. पुढे १९१६ साली ही मर्यादा पासष्टवर आली. त्या वेळी बिस्मार्क स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, पण खुर्ची सोडण्याचा विचार त्याच्या मनाला शिवलेला नव्हता. प्रशियाचा कारभार तो १८६२ पासून पाहत होता. आपल्यावाचून राज्य कसे चालेल, असेच त्याला वाटे. मार्च १८९० मध्ये तरुण बादशहा दुसरा विल्हेल्म याने त्याला राजीनामा द्यायला लावला.

मग तो हँबुर्गजवळच्या आपल्या जंगलातल्या वाड्यावर जाऊन राहिला. जमीन होती, पैसा होता, मान होता. नव्हते ते मनाला गुंतवणारे दुसरे काम. उरलेली आठ वर्षे त्याने आपल्या जागी आलेल्यांवर वर्तमानपत्रातून टीका करण्यात आणि जुने हिशेब आठवणींच्या पुस्तकात मांडण्यात घालवली. तुमच्या गावातही असा एखादा म्हातारा असेल बघा. नांगर मुलाच्या हाती दिलेला असतो, पण स्वतः दिवसभर बांधावर बसून त्याच्या पेरणीला नावे ठेवतो. काम हातातून सुटले, पण मनातून सुटले नाही, अशी ही अवस्था. तीत त्याला सुख नसते आणि मुलालाही नसते.

आता आपल्याकडची दोन माणसे पाहू. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या चाकरीत लागले. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, महाराजांबरोबर परदेशी प्रवास करणे, असे छत्तीस वर्षे चालले. दरबारची नोकरी म्हणजे वेळी-अवेळी बोलावणे यायचे. पण राजपुत्रांना इतिहास शिकवताना काढलेली टिपणे त्यांनी फेकून दिली नाहीत. फावल्या वेळात ती वाढवली, पारखली. १८९८ साली 'मुसलमानी रियासत' निघाली आणि १९०२ पासून 'मराठी रियासत' भागाभागाने बाहेर पडू लागली.

१९२५ साली त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगा श्यामकांत गेला. अशा वेळी माणूस खचला तर त्याला कोण बोल लावील? सरदेसाई लोणावळ्याच्या अलीकडे कामशेतला, इंद्रायणीच्या काठी येऊन राहिले. काही वर्षांतच मुंबई सरकारने पेशवे दप्तरातले कागद निवडून छापण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. हजारो रुमालांतले मोडी कागद उलगडून, १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पंचेचाळीस खंड बाहेर काढले. नव्या माणसाला हे काम एकाएकी जमले नसते. त्याची तयारी बडोद्याच्या फावल्या वेळात झाली होती. ते १९५९ साली वारले. नोकरी छत्तीस वर्षांची, आणि निवृत्तीही चौतीस वर्षांची!

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. ते १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ साली निवृत्त झाले. पण विधवांसाठी आश्रम त्यांनी १८९६ सालीच काढला होता. १९०० साली तो हिंगण्याला गेला, तेव्हा कॉलेजचे तास आटोपून ते चालत तिकडे जात. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी कर्व्यांना 'आता काय करू?' असे विचारावे लागलेच नाही. अठरा वर्षांपूर्वी सुरू केलेले काम त्यांची वाट पाहत होते. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. आणि शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे असे, की १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. १९६२ साली ते गेले. कॉलेजची नोकरी तेवीस वर्षांची झाली, तर निवृत्तीनंतरचे आयुष्य अठ्ठेचाळीस वर्षांचे.

तुम्ही म्हणाल, 'ही मोठी माणसे. आम्ही का विद्यापीठ काढणार?' रास्त आहे. आयुष्य किती मिळेल, हेही कोणाच्या हाती नाही. पण या तिघांच्या चरित्रांतला फरक मोठेपणाचा नाही. बिस्मार्क मोठा नव्हता असे कोण म्हणेल? फरक आहे तो इतकाच, की सरदेसाई आणि कर्वे यांची दुसरी वाट पहिली संपण्याच्या आधीच मळलेली होती. म्हणून निवृत्तीची तयारी शेवटच्या वर्षी करून चालत नाही. ती चाळिशी-पंचेचाळिशीत सुरू व्हायला हवी. माझ्या वयाच्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावे. ते काम लहान असले तरी चालते. गावच्या वाचनालयाची पुस्तके लावणे, शेतातली दहा झाडे, भजनी मंडळ, चार पोरांना गणित शिकवणे, गावाचा इतिहास लिहून ठेवणे. अट एकच, की ते काम पगारासाठी किंवा हुद्द्यासाठी केलेले नसावे. हुद्दा गेला की हुद्द्याबरोबरचा नमस्कारही कमी होतो. त्याचे दुःख होते, आणि ते होणार हे आधीच ओळखून असावे.

आणखी दोन गोष्टी सांगतो. आपल्या जागी येणाऱ्याला कारभार मोकळ्या मनाने द्यावा. त्याने विचारले तर सांगावे, न विचारता सांगू नये. शेतकरी बापालाही हेच लागू आहे. आणि घरच्या माणसांशी आधी बोलावे. तीस-पस्तीस वर्षे तुम्ही दिवसभर बाहेर होता. त्या घराचे स्वतःचे एक वेळापत्रक बसलेले आहे. गृहिणीच्या कामाला तर निवृत्तीची तारीखच नसते. तेव्हा घरी बसून हुकूम सोडण्यापेक्षा तिच्या कामातला थोडा वाटा उचललेला बरा.

खुर्ची एक दिवस सोडावीच लागते; ती दुसऱ्याचीही असते. पण सकाळी उठल्यावर हात घालावा असे एखादे काम ज्याने वेळीच जोडून ठेवले, त्याला घंटा वाजली काय आणि न वाजली काय, दिवस अपुराच पडतो. तसे काम तुम्हां सर्वांना लाभो.