ओवी : एका गानसंज्ञेची कुळकथा

ओवी म्हटली कीं सुशिक्षित वाचकास ज्ञानेश्वरी आठवते. परंतु खामगांवच्या एखाद्या लग्नघरीं हळद दळावयास बसलेल्या आजीबाईंस विचारावें, तर ओवी म्हणजे जात्यावर म्हणावयाचें गाणें. या दोहोंत मूळ अर्थ कोणता? आमच्या मतें आजीबाईंचा पक्ष बळकट आहे.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (सुमारें इ. स. ११२९) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असें सांगितलें आहे. ज्ञानेश्वरी झाली १२९० मध्यें. म्हणजे तिच्या आधीं एकशें साठ वर्षें ओवी उखळामुसळापाशीं नांदत होती.

याहून मोलाची साक्ष शार्ङ्गदेवाची. याचा आजा काश्मिराहून दक्षिणेंत आला; हा स्वतः देवगिरीच्या सिंघण यादवाच्या (१२१०–१२४७) पदरीं होता. 'संगीतरत्नाकरा'च्या प्रबंधाध्यायांत तो ओवीस स्थान देतो. देशभाषेंत गाइलेले, यमकानें जुळलेले तीन खंड, आणि शेवटीं 'ओवी' हें पद, असें तिचें लक्षण. आतां ज्ञानेश्वरींतील ओवी पाहावी : तीन चरण यमकानें बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. जेथें कांडणारी 'ओवी' म्हणून थांबे, तेथेंच कवीनें आपला चौथा चरण ठेविला, असें आम्हांस वाटतें.

ओवी हा शब्द 'ओवणें' या क्रियापदावरून आला, ही व्युत्पत्ति सर्वांच्या परिचयाची आहे व ती गोडहि आहे. परंतु शार्ङ्गदेवाचें लक्षण वाचल्यावर ती पुरेशी वाटत नाहीं. गाण्याच्या शेवटीं जें पद घोळून म्हणावयाचें, त्याचेंच नांव गाण्यास पडलें असावें, हा तर्क अधिक सयुक्तिक दिसतो.

१८७० सालीं जलंबहून खामगांवास कापसासाठीं आगगाडी आली. पुढें पिठाच्या गिरण्या आल्या, आणि जातें माजघराच्या कोपऱ्यांत जाऊन बसलें. तें आतां लग्नकार्यापुरतें बाहेर निघतें. पंडितांनीं ओवीचें लक्षण लिहून ठेविलें, पण बायकांच्या गळ्यांतील चाल त्या लक्षणांत उतरलेली नाहीं. ती ज्यांना येते त्या आजीबाई ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं एकदां जात्यापाशीं बसून ती ऐकून घ्यावी, एवढीच आमची विनंति.