रस्तारुंदी आणि दुकानदाराची भरपाई

ज्या ज्ञातीची उपजीविका बाजारपेठेवर अवलंबून असते, तिच्या इतिहासात रस्त्याचा इतिहासही अंतर्भूत असतो. रस्ता आला म्हणून पेठ वसते आणि रस्ता रुंद झाला म्हणून पेठ उठते. आपल्या कासार ज्ञातीला हे नव्याने सांगावयास नको. लोकांच्या सोयीसाठी रस्ता रुंद व्हावा, याविषयी आमचे दुमत नाही; परंतु त्या सोयीचे मोल एकट्या दुकानदाराने का द्यावे, हा प्रश्न जुना आहे. त्याचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्रजी अमदानीत १८५७ आणि १८७० साली जमीन-संपादनाचे कायदे झाले. १८९४ च्या कायद्याने त्यांना जे रूप दिले, ते पुढे सुमारे एकशेवीस वर्षे टिकले. त्याच्या २३ व्या कलमात भरपाईच्या बाबी सांगितल्या होत्या : जागेचा बाजारभाव, तुकडा तोडल्याने उरलेल्या जागेचे नुकसान, कमाईला पोचलेली झळ आणि धंद्याची जागा बदलणे भाग पडल्यास त्याचा वाजवी खर्च. जागा सक्तीने घेतली जाते म्हणून बाजारभावावर शेकडा १५ दिलासा रक्कम मिळे. १९८४ साली ती शेकडा ३० झाली.

म्हणजे जमीन वेगळी व धंदा वेगळा, हे कायद्याने तेव्हाच ओळखले होते. तथापि भांड्यांचे दुकान हलविण्याचा खर्च म्हणजे केवळ हातगाडीचे भाडे नव्हे. आजोबांच्या वेळेपासून लग्नाची भांडी नेण्यास त्याच ओट्यावर येणारे गिऱ्हाईक नव्या जागी येईलच, याची शाश्वती कोण देणार? या जमलेल्या गिऱ्हाइकीचा कायद्याच्या शब्दांत स्वतंत्र उल्लेख नव्हता.

मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते काढले. १९३३ साली तो महापालिकेत विलीन झाला. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर ‘रस्त्याची नियमित रेषा’ आहेच. इमारत नव्याने बांधताना त्या रेषेपर्यंत मागे सरावे लागते. अशा सर्व व्यवहारांत मालक ठळक दिसतो. भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाराही हितसंबंधी म्हणून दावा सांगू शकतो. परंतु भाडेपावती हाती नसेल, तर तो दावा कशावर उभा करावा?

नागपूरचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील सुधार प्रन्यासाच्या १९३६ च्या कायद्यान्वये जमीन गेल्यास शेकडा १५ ची दिलासा रक्कम मिळत नसे. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. जमीन प्रन्यासाने घेतली की अन्य अधिकाऱ्याने, याने मालकाची हानी बदलत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

२०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. त्याने दिलासा रक्कम शेकडा १०० केली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करणारे आणि ज्यांची मुख्य उपजीविका बाधित होते, असे भाडेकरू व कारागीर यांची कुटुंबेही त्याने बाधित मानली. कारागीर व छोटे व्यापारी यांना किमान २५,००० रुपये एकरकमी साहाय्य ठरविले. राष्ट्रीय महामार्गांच्या कामांनाही २०१५ पासून या भरपाईच्या तरतुदी लागू झाल्या.

तरीही कायदा जागरूक माणसालाच उपयोगी पडतो. निवाडा अमान्य असल्यास दाद मागण्याची मुदत, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यास, १८९४ च्या कायद्यात सहा आठवडेच होती आणि नव्या कायद्यातही तेवढीच आहे. निषेध न नोंदविता रक्कम उचलल्यास ही दाद मागण्याचा हक्क जातो, हाही नियम तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे. अनेकांनी पैसे हाती पडल्याच्या समाधानात सही केली आणि पुढचा मार्ग स्वतःच बंद करून घेतला.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, भाडेपावत्या, गुमास्ता परवाना, कराच्या पावत्या आणि तीन वर्षांचे हिशेब यांच्या प्रती प्रत्येक दुकानदाराने आजच एकत्र करून ठेवाव्यात व एक संच घरी वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन करावा. मोजणीदार दारात उभा राहिल्यावर जुन्या वह्या शोधण्यास उसंत मिळत नाही.